शाळेच्या वेळेत आशीर्वाद बंद

इदालिना फुर्तादोबाईंना चौतीस धर्मलेकरं होती आणि पोटचं एकही नव्हतं. यात त्यांचा काही दोष नाही. अमेरिकेतल्या फॉल रिव्हरमध्ये तेव्हा दर आठवड्याला आमच्या बेटांवरून एखादं नवं बिऱ्हाड उतरायचं. पोराचा बाप्तिस्मा करायचा तर मद्रिन्या हवी, म्हणजे धर्ममाता, आणि गावात ओळखीचं तर चिटपाखरूही नाही. मग ज्या बाई आपल्याला डॉक्टरकडे घेऊन गेल्या, आपल्यासाठी गॅसवाल्यांशी इंग्रजीत भांडल्या, त्यांनाच लोक गळ घालायचे. बाई नाही म्हणायच्या नाहीत. नाही म्हटलं की कारण सांगत बसावं लागतं, आणि तेवढा वेळ बाईंकडे नसायचा.

पंधरा वर्षं कापडगिरणीत काढून आणि रात्रशाळा करून बाई चाळिशीत बालवाडीच्या शिक्षिका झाल्या. सत्त्याहत्तर सालच्या त्यांच्या वर्गात एकोणीस मुलं होती, त्यातली अकरा त्यांचीच धर्मलेकरं. आणि आमच्या लोकांची रीत अशी, की मद्रिन्या समोर दिसली की पोरानं हात पुढे करायचा आणि म्हणायचं, "आशीर्वाद दे, मद्रिन्या." तिनं डोक्यावर हात ठेवून म्हणायचं, "देव तुझं भलं करो." मग पुढचं बोलणं. मासळीच्या दुकानात असो नाहीतर बसमध्ये, आधी आशीर्वाद. मद्रिन्यानं तो दिला नाही तर समजायचं की आपल्या हातून काहीतरी भयंकर घडलंय. माझ्या एका मामेभावाला त्याच्या मद्रिन्यानं दोन वर्षं आशीर्वाद दिला नव्हता. तो शेवटी कॅनडाला निघून गेला.

तर रोज सकाळी वर्गाच्या दाराशी अकरा हात पुढे यायचे. जानेवारीत नवे मुख्याध्यापक आले, प्रेस्कॉटसाहेब. त्यांनी हे पाहिलं आणि बाईंना बोलावून घेतलं.

"मिस फुर्तादो, ही प्रार्थना आहे का?"

"नाही साहेब. रीत आहे."

"त्यात देवाचं नाव येतं?"

बाईंना खोटं बोलता येत नसे. प्रयत्न केला की त्यांना शिंका यायच्या.

"येतं," बाई म्हणाल्या.

"ही सरकारी शाळा आहे. इथे आशीर्वाद बंद. पुन्हा दिसलं तर वर्ग दुसऱ्या कुणाकडे द्यावा लागेल."

साहेब माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. बाईंनी दुसऱ्या दिवशी मुलांना सांगितलं, "शाळेत मी मद्रिन्या नाही, नुसती बाई. इथे फक्त गुड मॉर्निंग म्हणायचं." दहा जणांनी ते दोन दिवसांत शिकून घेतलं. त्यांना काय, आशीर्वाद रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर मिळायचाच.

अकरावी होती देओलिंदा. पाच वर्षांची, नाताळच्या आठवडाभर आधी बेटावरून आलेली. तिचा बाप्तिस्मा तिकडे झाला तेव्हा बाईंच्या वतीनं दुसऱ्याच बाईनं तिला धरलं होतं, कारण बाई अमेरिकेत. पण बाईंचा फोटो त्यांच्या घरी भिंतीवर होता, संत अंतोनीच्या शेजारी, आणि दर ईस्टरला अमेरिकेहून फ्रॉक यायचा. पोर रोज झोपताना फोटोकडे हात करून आशीर्वाद मागायची. खरी मद्रिन्या भेटल्यावर पोरीच्या तोंडाची जी टकळी सुरू झाली, ती वर्गात थांबवावी लागायची.

त्या सकाळी ती तापानं घरी होती. बाईंनी मुलांना काय सांगितलं ते तिला कळलंच नाही. ती सोमवारी आली, हात पुढे केला, म्हणाली, "आशीर्वाद दे, मद्रिन्या."

साहेब व्हरांड्यात उभे होते. बाई म्हणाल्या, "गुड मॉर्निंग, देओलिंदा."

पोरीनं हात मागे घेतला आणि त्या दिवसापासून शाळेत तोंड उघडलं नाही. गाणी नाहीत, रंग नाहीत, पाणी हवंय एवढंही नाही. चर्चमध्ये बाई दिसल्या की आईच्या काळ्या कोटामागे लपायची. बाईंना वाटलं, बेटाची आठवण येत असेल. एकदा आईला विचारलं, तर ती म्हणाली, "घरी बोलते हो, पण तुमचं नाव काढलं की गप्प." आणि दुसऱ्या दिवशी गोड पावाचा एक भलामोठा गोळा पाठवून दिला. बाईंनी तो खाल्ला. छान होता. पुढच्या आठवड्यात दुसरा आला. अहो, चौतिसांची मद्रिन्या, सगळ्या गावाला शहाणपण शिकवणारी, आणि तिला हे कळू नये की आपल्या माणसांकडून असा पाव केव्हा येतो!

मार्चमध्ये साहेबांनी सांगितलं, की शिक्षण खात्याच्या ऑफिसातून मिस हॅलोरन येऊन मुलीची परीक्षा घेतील. मुलगी बोलली नाही तर तिला नदीपलीकडच्या मतिमंदांच्या शाळेत पाठवायचं. त्या शाळेत गेलेलं आमचं एकही मूल परत आलेलं नव्हतं. बाई आठवडाभर नीट जेवल्या नाहीत.

परीक्षेच्या वेळी बाईंना भिंतीपाशी उभं केलं होतं, भाषांतरापुरतं. मिस हॅलोरननी मांजराचं चित्र दाखवलं. गप्प. छत्रीचं दाखवलं. गप्प. बावीस चित्रं झाली. मिस हॅलोरननी हळूच पेनाचं टोपण काढलं आणि कागदाची खालची, निकालाची चौकट शोधायला लागल्या.

देओलिंदा खुर्चीवरून उतरली. दाराकडे जायचं तर बाईंच्या समोरूनच. मोठ्यांचा निरोप न घेता जायचं नाही, हे तिच्या हाडात मुरलेलं. ती थांबली, बाईंच्या बुटांकडे बघत हात जरासा पुढे केला आणि ऐकू येईल न येईल अशा आवाजात म्हणाली, "आशीर्वाद दे, मद्रिन्या."

तेव्हा बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. लाजेनं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेब तीन हातांवर उभे होते.

बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "देव तुझं भलं करो, बाळा," त्या म्हणाल्या, चांगल्या खणखणीत आवाजात.

पोरीनं वर पाहिलं. "म्हणजे राग गेला? मी काय केलं होतं गं? आईला वाटलं माफीचा पाव नीट फुगला नव्हता, म्हणून तिनं दुसऱ्यात सहा अंडी घातली. ते मांजर आहे ना, तसलं आमच्याकडे होतं, पण त्याला शेपूट नव्हती, काकाच्या गाडीखाली गेली. आणि ती छत्री फाटलीय, या बाईंना सांग, कडेला बघ, पाणी आत येईल..."

"काय म्हणतेय ती?" मिस हॅलोरननी विचारलं.

बाईंनी सगळं सांगितलं, पाव, अंडी, शेपटीसकट. मिस हॅलोरननी छत्रीचं चित्र उलटसुलट करून पाहिलं. कडेला खरंच एक चीर होती. त्यांनी कागद फाडला आणि नवा घेतला.

"आणि तुम्ही तिला आधी काय म्हणालात?" साहेबांनी विचारलं.

"आशीर्वाद दिला," बाई म्हणाल्या. "लिहून घ्या."

साहेबांनी लिहून घेतलं.

पंधरा दिवसांनी शाळेकडून दोन पत्रं एकाच दिवशी आली. एक देओलिंदाच्या घरी, एक बाईंच्या. देओलिंदाची आई जुदिते आपलं पत्र घेऊन संध्याकाळी बाईंकडे आली, कारण इंग्रजी पत्र आलं की सगळे तिथेच यायचे. टेबलावर बाईंचं पत्र उघडंच पडलं होतं. जुदितेला ते वाचता येणार नव्हतं, तरी बाईंनी त्यावर बशी ठेवली.

"काय लिहिलंय हो, इदालिनाबाई? माझा जीव टांगणीला लागलाय."

"मुलगी हुशार आहे, असं लिहिलंय. याच शाळेत राहील."

जुदिते मटकन खुर्चीत बसली आणि रडली. मग पदरासारखा कोट पुढे ओढून हसली आणि पोटावर हात ठेवला. "ऑगस्टात हे येतंय. याची मद्रिन्या तुम्हीच व्हायचं हं. आणि पाच वर्षांनी हेही तुमच्याच वर्गात. तुमच्याच हाताखाली शिकायचं, दुसरी कुणी मला नको."

बाईंनी बशी जरा सरळ केली.

"मद्रिन्या होईन," त्या म्हणाल्या. "नक्की होईन."