बसते का?

"बसते का?" गाण्याच्या बाईंनी विचारलं.

समोर उभी असलेली आई कपडे शिवणारी. हा प्रश्न ती स्वतः दिवसभर गिऱ्हाइकांना विचारत असे. सवयीने तोंडून निघून गेलं, "थोडी सैल आहे, पण वर्षभरात अंगासरशी होईल."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. "मुलीबद्दल विचारतेय मी. एका जागी बसते का?"

मुलगी तेव्हा बाईंच्या खिडकीत चढली होती. घरी तिला भिंगरी म्हणत.

"नाही बसत. पण सूर बरोबर धरते."

"आधी बसायला शिकू दे. पुढच्या वर्षी आणा."

*

सूर धरते, हे आईला मशीनमुळे कळलं. मशीन सुरू झालं की कापायच्या टेबलाखालून भिंगरी त्याच्या आवाजात आवाज मिसळायची. मशीन चढलं की चढायची, थांबलं की गप्प. एकदा म्हणाली, "आई, याचा घसा बसलाय." आईने तेल घातलं.

"मला गाणं शिकव."

"मला नाही गं येत."

"मग येतं त्यांच्याकडे ने."

*

"पुढच्या वर्षी बघू की," नवरा म्हणाला. "गाणं काय पळून चाललंय?"

"गाणं नाही. ही पळते."

"तेच म्हणतोय मी."

"मी पण."

*

आईला स्वतःला लहानपणी गाण्याला कुणी नको म्हटलं नव्हतं. नंतर बघू म्हटलं होतं.

*

दुसऱ्या दिवशी आई पुन्हा बाईंच्या दारात.

शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड सोडतात, पोर वाढलं की उसवून मोठं करता येतं. त्याला माया म्हणतात. तिने हे बाईंना सांगितलं. "वाढ पूर्ण झाली की पहिला फ्रॉक शिवू, असं कोणी म्हणतं का बाई? थोडी माया ठेवून आत्ताच सुरू करा."

"फ्रॉक उसवता येतो. चुकीचा बसलेला गळा उसवता येत नाही."

जास्त खोल कापलेल्या गळ्याचं काहीच करता येत नाही, हे आईइतकं कोणाला ठाऊक? पण ती दारातून हलली नाही.

"मग तिला गायला लावू नका. नुसतं कानावर पडू दे. ती बसेपर्यंत तिच्या जागी मी बसते."

"तुम्ही?"

"मी बसते एका जागी. आयुष्यभर तेच केलंय."

बाईंना हसू आवरलं नाही. त्यांनी चटईवर जागा करून दिली.

*

पोरं खिदळायची. "बाई, ही नवीन मुलगी केवढी मोठी आहे." आईचा आवाज सुरुवातीला गंजलेल्या कात्रीसारखा निघे. भिंगरी खिडकीत, दारात, चपलांच्या ढिगात. आई दुकानात इस्त्री फिरवताना गुणगुणू लागली. गिऱ्हाइकाला दोनदा हाक मारावी लागे. एका संध्याकाळी तिचा सूर नीट लागला. बाईंनी डोळे मिटून मान हलवली. आई त्या रात्री नवऱ्याशी विनाकारण छान वागली.

*

मग तो दिवस. आई गात होती आणि खिडकीतून आवाज आला,

"आई, खाली गेलीस."

भिंगरी उतरली. "सरक," म्हणाली आणि आईच्या शेजारी चटईवर घुसली. सूर धरला. नेमका. तास संपेपर्यंत उठली नाही.

"बसली," बाई म्हणाल्या. मग जरा अडखळून, "पुढच्या वेळेपासून तुम्ही बाहेर थांबा. शेजारी आई असली की मुलं सूर सोडून आईकडे बघतात."

"हो, हो. म्हणजे काय. त्यासाठीच तर," आई म्हणाली आणि चटईचा दुमडलेला कोपरा हाताने सरळ करत राहिली.

*

पुढच्या वेळी ती बाहेर जिन्याच्या पायरीवर बसली. दार लोटलेलं. आत बाईंनी सूर दिला.

आईने छाती भरून श्वास घेतला. आत पोरांचे आवाज उठले, त्यात एक तिच्या ओळखीचा. ओठ घट्ट मिटून ती तो श्वास धरून राहिली. आतले आवाज थांबले तेव्हा तिने तो हळूहळू, आवाज न करता सोडला. आणि पुढचा घेतला.