मेलमधलं ‘कृपया’

"आता यात संशय घेण्यासारखं काय काय आहे, सांगा बघू," शिकवायला आलेल्या माणसाने पडद्यावरच्या मेलकडे बोट दाखवलं.

मेल कुणाला आला होता ते नाव त्याने काळ्या पट्टीने झाकलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ही मूठ केव्हाच उघडी पडली होती. शिवाय पट्टीही नीट बसली नव्हती. शेवटच्या अक्षराची वेलांटी बाहेर डोकावत होती. तिसऱ्या रांगेत कडेला बसलेल्या किल्लीवाल्या बाई त्या वेलांटीकडे बघत होत्या. ती त्यांचीच होती.

पंपांच्या या कारखान्यात भांडार सांभाळायला बाईंना एकतीस वर्षं झाली होती. कमरेला बेचाळीस किल्ल्यांचा जुडगा. वहीत सही घेतल्याशिवाय साध्या कपाटाची किल्लीसुद्धा त्यांनी कधी कुणाच्या हातात दिली नव्हती. एकदा तर खुद्द साहेबांना दारात थांबवून वही पुढे केली होती. अशा बाईंनी कॉम्प्युटरचा पासवर्ड मात्र भलत्याच कुणालातरी लिहून पाठवला, आणि त्या दुपारपासून पाच दिवस कारखाना ठप्प झाला. कॉम्प्युटरमधली पंपांची ड्रॉइंगं चोरांनी कुलूपबंद करून टाकली. त्यातली निम्मी अजूनही उघडत नव्हती.

साहेब त्यांच्यावर ओरडले नव्हते. काही बोललेच नव्हते. निवृत्तीला सात महिने उरले होते, आणि तोवर भांडार आपल्याकडे राहतं की काढून घेतात, एवढंच बाईंना कळायला हवं होतं. बाकी कशाचं काही वाटेनासं झालं होतं. सकाळी सून म्हणाली, "आई, आज रजा टाका ना."

"टाकली तर सगळ्यांना कळेल."

"सगळ्यांना कळलंच आहे, आई," सून हळूच म्हणाली आणि तिने त्यांचा डबा भरून ठेवला.

"पत्त्यात एक अक्षर जास्त आहे," पुढून कुणीतरी म्हणालं.

"बरोबर. अजून?"

"घाई केलीय. अर्ध्या तासात कळवा म्हणे."

"छान. अजून?"

मागून लेथवाले मिस्त्री खाकरले. "अहो, त्यात ‘कृपया’ आहे. आमचे साहेब कधी ‘कृपया’ लिहितात होय?"

सगळे खो खो हसले. पहिल्या रांगेत बसलेले साहेबही गालात हसले. साहेबांचे मेल सगळ्यांना पाठ होते. ‘यादी पाठवा.’ ‘आजच.’ ‘का झालं नाही?’ तीन शब्दांच्या वर गाडी क्वचितच जायची.

शिकवणाऱ्याला जोर चढला. त्याने मेल मोठ्याने वाचला. "‘बाई, कृपया आपला पासवर्ड कळवाल का? आपण आहात म्हणून भांडाराची मला कधी काळजी करावी लागली नाही.’ बघा, कसं हरभऱ्याच्या झाडावर चढवलंय!"

‘कृपया’ बाईंना दिसलं नव्हतं असं नाही. सगळ्यात आधी तेच दिसलं होतं. मेल त्यांनी चारदा वाचला होता, आणि उशिरा का होईना साहेबांना कळलं, असं त्यांच्या मनात आलं होतं. वाईट एवढंच, की तेव्हा त्यांना फार बरं वाटलं होतं.

शिकवणाऱ्याचं बोट जरा जास्तच सरकलं आणि पडद्यावर खालचं उत्तर आलं. ‘धन्यवाद साहेब. आपण असं लिहिलंत, खूप समाधान वाटलं. पासवर्ड खाली देत आहे.’

त्याने घाईघाईने पडदा बंद केला. आता कुणी हसलं नाही. मिस्त्री खाली मान घालून बुटाची नाडी बांधत बसले. बाईंना लाज वाटायला हवी होती, रडू यायला हवं होतं. काहीच आलं नाही. हात मांडीवर होते, पण दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.

"एकच नियम लक्षात ठेवा," तो माणूस पडलेल्या आवाजात म्हणाला. "मेल कुणाचाही असो, काही मागितलं की आधी फोन उचला. तुम्हीच पाठवलंय का, म्हणून विचारा. त्यात कमीपणा नाही."

बाईंनी ते वहीत उतरवून घेतलं.

चार वाजता मेल आला. ‘भांडाराच्या किल्ल्या आजच ऑफिसात जमा करा.’ बाईंनी पत्ता एकेक अक्षर लावून तपासला. पत्ता बरोबर होता. ‘कृपया’ कुठे नव्हतं. हातच्या काकणाला आरसा कशाला? तरी त्यांनी फोन उचलला.

"बोला," साहेब म्हणाले.

"साहेब, किल्ल्या जमा करा म्हणून मेल आलाय. तुमचाच ना?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"माझाच आहे, बाई."

"बरं. विचारायला सांगितलंय, म्हणून विचारलं."

ऑफिसात हेडक्लार्क वाटच बघत होते. बाईंनी कमरेचा जुडगा सोडला. क्लार्कसाहेबांनी खाली बघतच हात पुढे केला. बाईंनी जुडगा मागे घेतला आणि वही उघडून त्यांच्यापुढे सरकवली.

"आधी सही करा," त्या म्हणाल्या.

त्यांनी सही केली. शाई वाळेपर्यंत बाई थांबल्या, आणि मग त्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या.