यार्देनची पाटी

चंद्रशेखर भालेरावांनी श्रीरामपूरला बावीस वर्षं मुख्याध्यापकी केली आणि शाळेतल्या दिसेल त्या वस्तूवर पाटी लावली. ‘पाणी जपून वापरा’, ‘येथे घोळक्याने उभे राहू नये’, आणि शिपायाच्या स्टुलावर ‘स्टूल’. निवृत्त होऊन ते मुलाकडे न्यूझीलंडमधल्या पुकेकोहेला राहायला आले, तेव्हा पाट्या लावण्याची खोडही बरोबर आली. विमानात ती वजनात धरत नाहीत.

तिथल्या मराठी मंडळीची उपासना दर रविवारी दुपारी तीनला, एका जुन्या लाकडी चर्चमध्ये व्हायची. सकाळी गोऱ्यांची, दुपारी आपली. चर्चच्या मागे एक ओढा होता. भालेरावांनी पहिल्याच वर्षी कमिटीपुढे ठराव मांडला, तो एकमताने मंजूर झाला, आणि ओढ्याकाठी, येशूचा बाप्तिस्मा झाला त्या नदीच्या नावाची, निळ्या रंगाची, सहा फुटी, दोन भाषांतली पाटी उभी राहिली: ‘यार्देन नदी. पवित्र स्थळ. कचरा टाकू नये.’

महिन्याभराने मेरेआना नावाच्या एक सत्तरीच्या माओरी बाई जँडल्स, म्हणजे रबरी चपला, फटफटवत तिथे आल्या. पाटी त्यांनी वरून खाली वाचली, मग खालून वर.

“अक्षर सुंदर आहे,” त्या म्हणाल्या. “कुणाचं?”

“माझंच,” भालेराव म्हणाले आणि त्यांची छाती दोन इंच फुगली. ही सगळी बातचीत इंग्रजीतच चालली होती, पण भालेरावांची छाती मराठीतच फुगायची.

“तिचं नाव वाईकोटुकू,” बाई म्हणाल्या. “माझ्या आजीच्या आजीपासून तेच आहे.”

आता खरं तर गप्प बसायला हरकत नव्हती. पण भालेरावांच्या खिशात सुवार्तेच्या पत्रिका असत, आणि समोर माणूस आलं की त्यांचा हात आपोआप खिशात जाई. बाईंनी पत्रिका घेतली, चष्मा लावून वाचली आणि परत दिली.

“चांगली आहे. हे सगळं माझे पणजोबा याच चर्चमध्ये सांगायचे. या भिंतींचं लाकूडही आमच्याच माणसांनी दिलं. तुमची नदी कोणती हो?”

“प्रवरा.”

“तिला कुणी दुसरं नाव दिलं तर?”

आणि उत्तराची वाट न बघता त्या निघून गेल्या. भालेरावांना त्या रात्री जेवण गेलं नाही. नेवाशाच्या पुलावर ‘टेम्स’ अशी निळी पाटी दिसत राहिली. खाली बारीक अक्षरांत ‘कचरा टाकू नये’.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाटी उपटून गॅरेजमध्ये ठेवली. पण विषय तिथे मिटेना, कारण नात झाली होती. ओवी. चार महिन्यांची. तिचा बाप्तिस्मा त्या ओढ्याकाठी, त्याच पाण्याने व्हावा, हा भालेरावांनी मनाशी धरलेला हट्ट होता. आपल्याला प्रवरा आहे, पोराला निदान लहानपणाची आठवण तरी आहे. या पोरीला कोणती नदी? पाटी लावली तेव्हाही खरं म्हणजे हेच डोक्यात होतं. पण ठरावात असलं काही लिहीत नाहीत.

“मग जाऊन विचारा ना त्यांना,” त्यांच्या पत्नी सुरेखाबाई म्हणाल्या.

“विचारायचं म्हणजे रीतसर विचारायला हवं.”

रीतसर म्हणजे कमिटी. मंडळीचे पाळक रेव्हरंड धैर्यशील पारधे आठवडाभर पेनरोजच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवत आणि रविवारी उपदेश करत. दोन्हीकडे त्यांचा भर जपून उचलण्यावर असे. त्यांच्या अध्यक्षतेखाली ठरलं की मेरेआनाबाईंना चर्चमध्ये बोलवावं, शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा, मागे बॅनर असावा आणि मग हळूच पाण्याचा विषय काढावा. पापाटोएटोच्या देशी दुकानातून शाल आली, नारळ आला. निमंत्रण घेऊन सुरेखाबाई गेल्या.

मेरेआनाबाई हसल्या. “चूक केलीत तुम्ही, आणि मला बोलावून खुर्चीवर बसवणार?” त्या म्हणाल्या. “आधी तुम्ही या. आमच्या मराएवर या, तुम्ही कोण ते सांगा, काय बोलायचं ते बोला, गाणं म्हणा, जेवा. मग बघू.”

मराए म्हणजे त्या लोकांचं सभाघर आणि त्याच्यापुढचं अंगण. तिथं जायची पद्धत शिकायला सुरेखाबाई तीन गुरुवार त्यांच्या स्वयंपाकघरात गेल्या. घरी येऊन सांगायच्या: जेवणाच्या टेबलावर बूड टेकायचं नाही. भांडी पुसायची फडकी कपड्यांत धुवायची नाहीत. खाण्यापिण्याचं आणि बाकीचं वेगळं ठेवायचं.

“हे तर मी तुम्हाला लग्न झाल्यापासून सांगतेय,” त्या म्हणाल्या. “इथे अख्खा समाज ऐकतो.”

“आणि भाषणाचं काय?”

“बसलेल्या सगळ्यांतर्फे एकानं बोलायचं. ते झालं की त्याच्या बायामाणसांनी उठून गाणं म्हणायचं, म्हणजे बोलणं पक्कं झालं.” आणखीही एक गोष्ट त्या शिकून आल्या होत्या, पण ती त्यांनी सांगितली नाही. संसारात थोडी शिल्लक ठेवावी लागते.

बोलणारा कोण, हा प्रश्नच नव्हता. भालेरावांनी अकरा पानं लिहिली.

तो शनिवार लख्ख उजाडला. मंडळीतली तीस माणसं मराएच्या फाटकापाशी गोळा झाली. आतून बाईमाणसाची लांब, थरथरती हाक आली. या बाजूने उत्तर द्यायला आपल्यात कुणाला येत नव्हतं, म्हणून मेरेआनाबाईंनी स्वतःची भाची आपल्याला उसनी दिली होती. म्हणजे हाकही त्यांची आणि ओही त्यांचीच. सगळे हळूहळू आत गेले. मेरेआनाबाईंचे थोरले भाऊ होआनी काठी टेकत उठले आणि बोलले, आणि चार मिनिटांत खाली बसले. चार मिनिटं! भालेरावांना यजमानांची कीव आली.

मग ते उठले. “किया ओरा,” असा त्यांच्या भाषेत नमस्कार घातला. आपला डोंगर सांगितला, नदी सांगितली, गाव सांगितलं. इथवर उत्तम. अंगण प्रसन्नपणे ऐकत होतं. पण तिसऱ्या पानावर अहमदनगर जिल्ह्यातल्या मिशन शाळांचा इतिहास सुरू झाला. पाचव्या पानावर १९८७ सालचं स्नेहसंमेलन आलं. माफी नवव्या पानावर होती. होआनींनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. पारध्यांनी डोळे मिटले. प्रार्थना होती की काय, सांगता येत नाही. ओवीसुद्धा आईच्या कडेवर चुळबुळ करू लागली.

“त्या वर्षी संस्थेच्या अध्यक्षस्थानी...” भालेराव म्हणाले, आणि त्यांच्या मागे सुरेखाबाई उठून उभ्या राहिल्या आणि गाऊ लागल्या.

श्रीरामपूरच्या मंडळीत म्हणतात ते जुनं भजन, मोकळ्या गळ्याने. दुसऱ्याच ओळीला बाकीच्या बायका उठल्या, मग पुरुष. भालेरावांनी मागे वळून पाहिलं. अडतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. समोर पाहिलं, तर यजमानांच्या बायका एकमेकींना कोपरखळ्या मारत हसत होत्या आणि होआनींची मान पसंतीने डोलत होती. आणि तेव्हा भालेरावांच्या लक्षात आलं, की बायकोला काय काय शिकवलंय त्या स्वयंपाकघरात. माणूस भरकटला की त्याच्या बाजूच्या बायांनी गाणं सुरू करून त्याला खाली बसवावं, अशी इथे रीतच होती.

गाणं संपलं. आता बसायचं. पण माफी नवव्या पानावरच राहिली होती, आणि तिच्या मागे ओवीचं पाणी. भालेराव उभेच राहिले. हातातली पानं दुमडून त्यांनी खिशात घातली, त्या पत्रिकांच्या शेजारी.

“एक राहिलं,” ते म्हणाले. “तुमच्या नदीला आम्ही आमचं नाव लावलं. कुणाला विचारलं नाही. चुकलं. पाटी काढून आणलीय, गाडीत आहे. तिचं काय करायचं ते तुम्ही सांगा.”

आणि ते बसले. पाण्याचं त्यांनी विचारलंच नाही. आत्ताच्या आत्ता विचारलं, तर माफी म्हणजे अर्जाला जोडलेला कागद झाली असती, एवढं मुख्याध्यापकाला कळतं.

मग इथल्या भेटीच्या रीतीप्रमाणे रांगेने नाकाला नाक, कपाळाला कपाळ लावणं झालं. होआनींनी ओवीच्या इवल्या नाकाला नाक लावलं, तेव्हा तिने त्यांची मिशी घट्ट धरली, आणि रांग काही वेळ तिथेच खोळंबली. मग जेवण. जेवणानंतर भालेराव भांडी विसळायला उभे राहिले. घरी हे दृश्य कुणी पाहिलेलं नव्हतं. सुरेखाबाईंनी फोटो काढला.

मेरेआनाबाई त्यांच्या शेजारी पुसायला आल्या. “सुरेखानं सांगितलं मला, पोरीचं.”

“आम्ही विचारणारच नव्हतो,” भालेराव म्हणाले.

“विचारलं नाहीत, ते ऐकलं मी. म्हणून बोलतेय. नदी काही मला देता येत नाही, ती माझी नाही; मीच तिची. पुढचे चार शनिवार आम्ही काठावर झाडं लावतोय. सगळे या. पाचव्या शनिवारी पोरीला आणा. पाणी कशातून घेणार?”

“तांब्या आहे, तांब्याचा. गावाहून आणलेला.”

“स्वयंपाकघरातला?”

“छे हो!” सुरेखाबाई मागून म्हणाल्या. “त्यासाठी वेगळा ठेवलाय. यांनी त्यातून ताक प्यायचा प्रयत्न केला होता, मी हातातून काढून घेतला.” दोघी बायकांनी एकमेकींकडे असं पाहिलं, की भालेराव पुढची थाळी न सांगता विसळू लागले.

चार शनिवार मंडळीने चिखलात गुडघे टेकले. पारध्यांनी फोर्कलिफ्टशिवाय माती उचलली. काठावर पाय घसरू लागले, तेव्हा मेरेआनाबाईंनी गाडीतून ती सहा फुटी पाटी मागवली आणि अक्षरं खाली करून चिखलावर आडवी टाकली.

“मजबूत आहे,” त्या म्हणाल्या. “चांगलं काम केलंत.”

भालेरावांच्या लेखी हा त्यांच्या कुठल्याही पाटीचा सर्वांत चांगला उपयोग होता, स्टूल धरून.

पाचव्या शनिवारी त्याच फळीवर पारधे उभे राहिले, शेजारी मुलगा-सून, काठाला होआनी. आधी होआनींनी त्यांच्या भाषेत प्रार्थना केली, मग पारध्यांनी मराठीत. तांब्यातून वाईकोटुकूचं पाणी ओवीच्या माथ्यावर पडलं. ती रडली नाही. डोळे बारीक करून पाण्याकडे पाहत राहिली.

“मोठी झाली की तिला सांगा,” मेरेआनाबाई म्हणाल्या, “की हिची काळजी घ्यायची. तुझी नदी कोणती, असं कुणी विचारलं तर प्रवरा सांग म्हणावं, आणि मग सांग म्हणावं की वाईकोटुकूनं मला ओळखलं.”

अशा वेळी चार शब्द बोलायलाच हवेत. भालेरावांनी घसा खाकरला, एक पाय फळीवर पुढे टाकला. मग सहज बाजूला नजर गेली. सुरेखाबाईंनी पदर सावरून, तोंड किंचित उघडून, श्वास भरून घेतला होता. त्यांच्या शेजारी मेरेआनाबाईंनीही.

“आमेन,” भालेराव म्हणाले.