आधी बटण, मग पिन

माझ्या दोन्ही भुवया आज जागच्या जागी आहेत आणि रोशनीच्याही. यात माझी कर्तबगारी शून्य, हे आधीच सांगून टाकते. लोक उगाच मला हुशार समजतात आणि मीही त्यांना समजू देते.

मी वसुंधरा. राहते आचोळ्याला आणि सातिवलीच्या कारखान्यांमध्ये एका गाळ्यात पोळीभाजी केंद्र चालवते. गाळ्यात गॅस पेटवायला परवानगी नाही. म्हणून सगळा स्वयंपाक पहाटे घरी करायचा, डबे टेम्पोतून न्यायचे आणि तिथे गरम करून वाढायचे. साडेबारा वाजले की आजूबाजूच्या गाळ्यांतली नव्वद माणसं अर्ध्या तासाच्या सुट्टीत येऊन आदळतात. त्यांना थंड आमटी वाढली तर उद्या ती दुसरीकडे जातील. त्यामुळे आमची सगळी भिस्त एका मायक्रोवेव्हवर. घरात असतो तसला नव्हे, हॉटेलात असतो तो. अख्खा स्टीलचा, दोन माणसांनी उचलायचा. आमच्या यजमानांनी तो जूनमध्ये एका बंद पडलेल्या हॉटेलातून आणला.

त्या मशीनवर रोशनी असते. बावीस वर्षांची, कळंबची, कोळ्यांची पोर. कामाला चटपटीत आणि तोंडाला त्याहून. तिला पहिल्या दिवशी सोडायला तिची आई आली होती, बाजारातून परस्पर, डोक्यावरची पाटी खाली न ठेवता. म्हणाली, "बाय, बाप नाय हिला. तुज्या पदरात टाकते. सांभाल." मी हो म्हटलं. हो म्हणायला काय लागतं? पुढे गणपतीत रोशनीचं लग्न ठरलं, मार्गशीर्षातलं. तेव्हाही आईचा फोन आला. "लग्नापरत पोरीला कुठं भाजू-कापू देऊ नको गो." मी पुन्हा हो म्हटलं.

मशीन आलं तेव्हा ते बसवून द्यायला मायकल लोपीस आले. गिरीजचे, साठी ओलांडलेले, खिशात टेस्टर आणि दोरीला बांधलेला चष्मा. मला वाटलं अर्ध्या तासाचं काम. या गृहस्थांनी माझा अख्खा दिवस खाल्ला.

आधी म्हणाले, याला स्वतःची वेगळी वायर हवी, त्यावर फ्रीज चालणार नाही. मग अर्थिंग तपासलं. मग भिंतीपासून मशीन पुढे ओढलं, मागे हवा खेळली पाहिजे म्हणून. आणि मग त्यांची नजर माझ्या लोणच्याच्या फळीवर गेली.

"पिन इथं येईल," ते म्हणाले.

"मागे आहे की बोर्ड!"

"मागे नको, वहिनी. मशीन पेटलं तर त्याच्यावरून वाकून पिन काढणार काय? बाजूला हवी, खांद्याच्या उंचीवर."

"शुभ बोल रे नाऱ्या," मी पुटपुटले. लोणच्याच्या बरण्या खाली आल्या आणि बोर्ड वर गेला.

एवढं करून हा माणूस जाईल की नाही? तर नाही. त्यांनी रोशनीला समोर उभं केलं आणि शिकवणी सुरू केली. मशीन रिकामं चालवायचं नाही. स्टीलचं भांडं, चमचा, फॉइल, चमकणारी कुठलीच वस्तू आत जाता कामा नये. डब्याचं झाकण आपल्याकडे नाही, पलीकडे उघडायचं, म्हणजे वाफ तोंडावर येत नाही. खाली पुढच्या बाजूला जाळी आहे तिथून मशीन श्वास घेतं, ती दर शनिवारी काढून धुवायची, वाळली की लावायची, आणि तिच्यापुढे काही ठेवायचं नाही. दाराची कड रोज ओल्या फडक्याने पुसायची. कडेला भाताचं शीत चिकटलं तरी दार नीट मिटत नाही. मागचं पत्र्याचं झाकण तर कुणी उघडायचंच नाही, पिन काढलेली असली तरी.

मग शेवटचा धडा. आत आग दिसली तर दार उघडायचं नाही. आधी बटण, मग पिन, मग लांब उभं राहायचं. आतली हवा संपली की आग आपोआप मरते. दार उघडलं की तिला नवी हवा मिळते आणि भडका थेट तोंडावर येतो.

हे नुसतं सांगून ते थांबले नाहीत. "आग!" असं ते ओरडायचे आणि रोशनीने बटण दाबून पिन खेचायची. एकदा, दोनदा, दहादा. शेजारच्या गाळ्यातली माणसं दारात येऊन बघायला लागली. माझी आमटी टेम्पोत निवत होती.

"मायकलभाऊ," मी न राहवून म्हटलं, "मशीन लावायला आलात की कवायत घ्यायला?"

"मशीन बिघडलं तर मी दुरुस्त करीन, वहिनी. पोर भाजली तर?" ते शांतपणे म्हणाले आणि पुन्हा ओरडले, "आग!"

जाताना त्यांनी एका जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर सगळे नियम निळ्या स्केचपेनने लिहून भिंतीवर लावले. अक्षर मोठं, शुद्धलेखन यथातथा. मी इतकी वैतागले होते की त्यांना चहा विचारला नाही. आमच्याकडे विजेचं मीटर वाचायला आलेल्यालाही चहा मिळतो. दिवसभर राबलेल्या त्या माणसाला मी कोरडं पाठवलं. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही, हे सगळ्यात वाईट.

पाहता पाहता नवरात्र आलं आणि खंडेनवमी. सातिवलीत हा मोठा दिवस. लेथ, प्रेस, वजनकाटा, टेम्पो, सगळं धुऊन पुसून त्याला हार आणि हळदकुंकू. मग माझ्या अन्नपूर्णेला का नको? मी आचोळ्याच्या बाजारातून घसघशीत झेंडूचा हार आणला. मधोमध आंब्याची पानं आणि टोकाला सोनेरी जरीचा गोंडा. भिंत पुसायला पुठ्ठा काढला आणि त्या जागी देवीची तसबीर लावली. पुठ्ठा गेला फ्रीजच्या मागे. मशीनला पाच बोटं हळदकुंकवाची आणि हार दाराच्या मुठीवरून खाली जाळीपर्यंत सोडलेला. काय शोभलं होतं!

रोशनी बघत होती. "काकी, जालीपुढं हार नको. अंकल बोललेले."

"देवाच्या कामात तुझ्या अंकलचं काय?" मी म्हटलं.

आता खरी चूक सांगते. खंडेनवमीला पूजा झाली की त्या दिवशी हत्याराला हात लावत नाहीत. माझ्या माहेरी वडील पूजेनंतर साधी विळीही उचलू द्यायचे नाहीत, भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवायची. हे मला पक्कं ठाऊक. पण सणाचं जेवण सांगून बसले होते, पुरणपोळी आणि मसालेभात, नव्वद ताटं. तेव्हा मी मनातल्या मनात देवीशी तडजोड केली की हार असू दे आणि मशीनही चालू दे.

पहिले चार डबे झाले. दर वेळी दार उघडलं की हार झुलायचा. पाचव्या वेळी मी पोळ्यांच्या टोपलीवर कागदी नॅपकिन घालून ती आत सरकवली आणि दार लोटलं. गोंडा आत अडकला ते मला दिसलं नाही. रोशनीने बटण दाबलं.

कडकड असा आवाज आला. काचेआड निळी ठिणगी उडाली, मग दुसरी, आणि नॅपकिनने पेट घेतला. काच पिवळी झाली.

मी काय केलं? पाण्याचा तांब्या उचलला आणि दुसऱ्या हाताने दाराची मूठ धरली. रोशनी माझ्या शेजारी, तिचं तोंड काचेपासून वीतभर. अजून अर्धा क्षण आणि मी दार उघडलं असतं.

"काकी, उघडू नको!" तिने माझा हात अशा जोराने झटकला की तांब्या खणखणत लांब गेला. एका हाताने बटण, दुसऱ्या हाताने पिन. खांद्याच्या उंचीवर, माझ्या लोणच्याच्या फळीच्या जागी. मग मला दंडाला धरून ओढत थेट दारापर्यंत नेलं. रांगेतल्या माणसांनाही ओरडून बाहेर काढलं. "पानी कोनी मारू नका!"

आम्ही बाहेरून बघत राहिलो. काच पिवळी होती ती लाल झाली, मग काळी. धूर आला, झेंडूचा करपट वास आला, आणि आग आत गुदमरून मेली. जेमतेम दोन मिनिटं. मी मात्र तिथेच पायरीवर बसले. डोळ्यांपुढे एकच दिसत होतं. डोक्यावर पाटी घेतलेली तिची आई.

फोन केला तसे मायकलभाऊ तासाभरात स्कूटरवरून आले. मशीनकडे बघितलंही नाही. आधी रोशनीचे दोन्ही हात हातात घेऊन उलटेपालटे केले, तोंड उजेडाकडे वळवलं. "पोरी, कुठं लागलं?"

"नाय, अंकल. आधी बटन, मग पिन."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग माझ्याकडे बघितलं. "आणि तुम्हांला, वहिनी?"

मला वाटलं होतं झापतील. झापलं असतं तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. मी नुसती रडायला लागले.

मग त्यांनी मशीन पाहिलं. दाराच्या कडेतून जरीचा काळा धागा चिमट्याने ओढून काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. जाळीत पाकळ्या आणि अक्षता भरल्या होत्या. दाराची कड जळून फुगली होती.

"बंद," ते म्हणाले. "नवीन दार येईपर्यंत नाही. आलं की बसवून मीटर लावीन, कुठून लहरींची गळती नाही ना ते बघीन, मगच. तोवर थंड वाढा, माणसं मरत नाहीत." मग हाराकडे बघून हळूच म्हणाले, "तुमच्यात पूजा झाली की हत्याराला सुट्टी देतात ना? चांगली रीत आहे ती. आमच्या शेजारचे पाटील त्या दिवशी कोयत्याला हात लावत नाहीत."

माझीच रीत मला गिरीजच्या लोपीसांनी शिकवली. मान खाली घालून ऐकली.

"भाऊ, एवढी कवायत का घेतलीत तिच्याकडून?" मी विचारलं.

त्यांनी डावा हात पुढे केला. अनामिका आणि करंगळी वाकलेली, सरळ न होणारी. जूनमध्ये हा माणूस दिवसभर माझ्यासमोर काम करत होता आणि मी हात पाहिला नव्हता. "मागचं झाकण उघडलं होतं. पिन काढलेली होती, तरी आत करंट साठलेला राहतो. मला कुणी सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. "म्हणून मी सांगतो."

त्या दिवशी नव्वद माणसं थंड पुरणपोळी खाऊन गेली आणि दोघांनी तर अशीच बरी लागते म्हणून दुसरी मागितली. दार दहा दिवसांनी आलं. आता पुठ्ठा देवीच्या तसबिरीशेजारी आहे. शनिवारी जाळी मी स्वतः धुते.

मार्गशीर्षात रोशनीचं लग्न झालं. हळदीला आम्ही सकाळी कळंबला गेलो. मायकलभाऊंना रोशनीनेच बोलावलं होतं, ते बायकोला, इझाबेलवहिनींना, घेऊन मांडवात पुढेच बसले होते. रोशनी पाटावर. कपाळ, गाल, हनुवटी, सगळं हळदीने पिवळंधमक. बायका गात होत्या आणि ती हसत होती. त्या नितळ, न भाजलेल्या चेहऱ्याकडे मला फार वेळ बघवेना.

तिची आई गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आली. हातात साडी, डोळ्यांत पाणी. "बाय, माजी पोर तू सांभाललीस गो. शबूद पालला तू."

घ्यावी साडी आणि गप्प बसावं, हे सोपं होतं. इतकी वर्षं मी तेच करत आले. पण साडीला माझा हात लागेना.

"मी नाही," मी म्हटलं. "मी तर दार उघडायला निघाले होते. तुझी पोर माझ्या शेजारी होती आणि मी दार उघडत होते." मग खंडेनवमीचं सगळं सांगितलं, जरीच्या गोंड्यासकट. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं ते मी पाहिलं. "मी ज्याला वेळ खातो म्हणून हिणवलं, त्या माणसाने तिला शिकवलं होतं. तो बघ, चष्म्याला दोरी बांधलेला."

तिने तिकडे बघितलं. मग साडी माझ्या हातात कोंबली, हळदीची वाटी उचलली आणि मायकलभाऊंसमोर जाऊन उभी राहिली. त्यांचा डावा हात धरला आणि त्या दोन वाकड्या बोटांना हळद लावली. ते गडबडून उठले. इझाबेलवहिनी पदराने डोळे पुसायला लागल्या.

मी चुलीकडे गेले. चहा तयार होता, पण तो नको होता. नव्याने आधण ठेवलं, आलं ठेचून घातलं, दूध घालून दोनदा उकळू दिलं. कप बशीत ठेवून त्यांच्यापुढे धरला.

"घ्या, भाऊ. हा जूनमधला चहा. उशीर झाला."

ते हसले, हळदीच्या बोटांनी कप धरला आणि प्यायले.