अट फक्त रेषेवर

१९९४च्या जानेवारीत दीनानाथ सर लखनौला व्याख्यानासाठी आले, तेव्हा अश्लेषा त्यांना आणायला अमौसी विमानतळावर गेली. पुण्यात ती त्यांच्याकडेच टोपॉलॉजी शिकली होती आणि इथल्या कॉलेजात आता तोच विषय शिकवत होती: आकार ताणला, वाकवला तरी त्याचं काय टिकून राहतं, याचं गणित. सर निवृत्त झालेले. जुन्या आठवणी सांगतील, असंच सगळ्यांना वाटत होतं.

टॅक्सीत सरांनी तिला विचारलं, "आपल्या टोपॉलॉजीचा पाया मुळात आकारांसाठी घातलेलाच नाही, असं तुला कधी वाटलं का?"

तिला दरवर्षी वाटायचं. वळत वळत अख्खा चौकोन भरून टाकणारी एक रेषा ती वर्गात शिकवायची. हे कसं शक्य आहे, असं मुलं विचारायची आणि ती म्हणायची, व्याख्येत बसतं, मान्य करा.

व्याख्यानात सरांनी फळ्यावर साधी सरळ रेषा काढली. आकारांची जुनी व्याख्या फलनांचा अभ्यास करणाऱ्यांनी त्यांच्या गरजेतून केली, म्हणून तिच्यात चौकोन भरणाऱ्या रेषेसारखे राक्षसही शिरतात, असं त्यांनी सांगितलं. आता काही लोक दुसऱ्या टोकाने सुरुवात करत होते. कोणते आकार घ्यायचे ते आधी ठरवायचं. ते जोडले, कापले, त्यांची सावली पाडली, तरी जे मिळेल तेही त्यांच्यातलंच हवं. आणि एकच अट: या सरळ रेषेवर जे पडेल ते मोजके बिंदू आणि मोजके तुकडे, एवढंच असावं.

"मग ती चौकोन भरणारी रेषा?" अश्लेषाने विचारलं.

सरांनी खडू पुढे केला. "तूच बघ."

ती फळ्याशी गेली. अट लावली, तर त्या रेषेचे मोजकेच तुकडे पडत होते आणि प्रत्येक तुकडा नुसता चढत, उतरत किंवा सरळ जात होता. असे मोजके धागे चौकोन कसा भरणार? राक्षसाला आत यायला वाटच नव्हती.

मागून अनन्या नावाच्या विद्यार्थिनीने हळूच विचारलं, "सर, शर्त तो सिर्फ लाइन पर थी ना?"

"हाँ," सर म्हणाले. "प्रतलावर नाही, अवकाशात नाही. तरी तिथलेही सगळे आकार शहाणे होतात. माझं नाही हे काम. मी वाचलं आणि कितीतरी दिवस दुसरं काही सुचलं नाही."

चहा आला, तरी मुलं फळ्यासमोरून हलेनात.

सर परत गेल्यावर अश्लेषाने लग्नानंतर सोडून दिलेलं संशोधन याच विषयावर पुन्हा सुरू केलं.