नव्याचं धान

"काय मस्त वास येऊन राह्यला रे, मुखरू!" चिमूरहून दसऱ्याला आलेले बापूराव पाटलांचे व्याही बैलगाडीतच उठून बसले.

पाटलांच्या चुलीवर भात शिजत होता. मुखरूचे हात कासऱ्यावर थबकले. हा वास त्याला आयुष्यात एकदाच आला होता. मागच्या साली त्याच्या बायकोनं, भागीरथानं, चव पाहायला मूठभर तांदूळ शिजवले होते तेव्हा. पाहुण्यांना दारात उतरवून तो थेट धानाच्या बांधीकडे पळाला.

त्यानं आपलं धान लावलेल्या कोपऱ्यात नुसती धसकटं उरली होती.

मुखरू पाटलांचा सालगडी. एकोणऐंशीच्या दुष्काळात सगळं धान उभ्या उभ्या वाळलं, तेव्हा एकच रोप महिनाभर आधी पिकलेलं त्याला दिसलं. त्याच्या ओंब्या त्यानं फडक्यात बांधून घरी नेल्या. पुढं पाच वर्षं झोपडीमागं तेच पेरायचं, उंच वाढलेलं उपटायचं, उशिरा फुलणारं काढून टाकायचं. यंदा भात संशोधन केंद्रातले साहेब म्हणाले, "बांधीत लावून दाखव. वाण तुझ्या नावानं पुढे पाठवतो." मुखरूनं पाटलांच्या बांधीच्या एका कोपऱ्यात होतं नव्हतं ते सारं बी लावलं. एवढा शहाणा माणूस, पण मूठभरही मागं ठेवलं नाही.

आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. दसऱ्याला देवापुढं नव्याचा नैवेद्य ठेवतात, तो शिवारात सगळ्यांत आधी पिकलेल्या धानाचा. आणि सगळ्यांच्या आधी पिकावं म्हणूनच तर त्यानं पाच वर्षं जीव आटवला होता!

"भाऊ, सारंच कापलं काऊन जी?" त्यानं अंगणातून विचारलं.

"मंग? दोन ओंब्यांत पाहुण्यायचं पान भरते का?" बापूराव ओसरीवरून म्हणाले.

"बीज होतं नं ते. सोमवारी साहेब येऊन राह्यले. त्याइले काय दाखवू?"

"धसकटं दाखव." ओसरीवर हशा पिकला. "बांधी माही, पाणी माहं. तुमी लोकं देव सोडून बसले, तुले नव्याचं काय समजते?"

मुखरूला संतापानं रडू आलं. ते त्यानं गिळलं. मालकाच्या अंगणात सालगड्याला दुसरं काय करता येतं?

पाटलीणबाई, अंजनाबाई, बाहेर आल्या. त्यांनी वरूनच त्याच्या पत्रावळीत भात टाकला. "घे. तुह्याच हातचं आहे."

त्यानं भाताला हात लावला नाही. उखळाशेजारी तुसाचा ढीग होता. त्याच्यापाशी बसून त्यानं न सोललेले दाणे वेचले. अकरा निघाले. ओलं धान कांडता येत नाही, म्हणून अंजनाबाईंनी ते आधी कढईत भाजून घेतलं होतं. मुखरूला हे माहीत होतं. तरी घरी येऊन त्यानं ते अकरा दाणे ओल्या फडक्यात बांधले.

सोमवारी जीप आली. साहेबांनी बांधी पाहिली. "हे दाखवायला मला बोलावलंस?" म्हणाले आणि पाटलांकडे चहाला गेले. मुखरूनं त्यांचे चिखलाचे बूट धुऊन ओसरीखाली ठेवले.

घरी भागीरथा फडकं सोडून बसली होती. दाणे फुगून फुटले होते, त्यांना आंबूस वास येत होता.

"मोड नाई आले जी," ती म्हणाली.

"उद्या पाहू," मुखरू म्हणाला. त्यानं फडक्यावर पाणी शिंपडलं आणि पुन्हा घडी घातली.