नीळ न दिलेला झगा

पाशामावशीने टुटू, बॅले-नर्तकीचा आखूड झगा, तळहातावर तोलून धरला. ताटासारखा सपाट उभा राहायचा त्याचा घेर चारी बाजूंनी भिजलेल्या कोंबडीसारखा लोंबला. तिने जाळी बोटांत चुरडून पाहिली. जराही कुरकुर नाही. परवाच तिने त्याला खळ दिली होती.

"तिसऱ्यांदा," दारातून थिएटरचा व्यवस्थापक व्येनिआमिन साव्विच म्हणाला. शहराला शत्रूचा वेढा पडण्यापूर्वी त्याचा ओव्हरकोट पोटावर बसत नसे. आता त्यात दोन साव्विच मावले असते.

"आघाडीवरची पोरं गारठत येऊन बसतात. त्यांना हे लोळागोळा झगे दाखवायचे? खळीच्या पेटीची किल्ली तुमच्याच गळ्यात ना, पाशा येगोरोव्ना?"

"माझ्याच."

"मग पाणी कुठे मुरतंय? मी काही म्हणत नाही. पण कुंपणानेच शेत खाल्लं, तर मला वर कळवावं लागेल. चोराला गोळी, ही भिंतीवरची नोटीस तुम्हीही वाचलीय."

तो गेला आणि पाशामावशी मटकन स्टुलावर बसली. तिला संताप आला, आणि संतापायलाही अंगात ताकद लागते हे तिला या डिसेंबरातच कळलं होतं. नवव्या वर्षी ती या शहरातल्या थिएटरच्या कपडेखान्यात शिरली. तेव्हा नर्तकींचे झगे पोटरीखाली उतरत. मग मिलानहून एक नर्तकी आली आणि माझे पाय झाकून कुणाचं भलं होणार, असं विचारत तिने कात्री मागितली. म्हाताऱ्या शिंपिणींनी छातीवर क्रूस काढले, पण झगा चढला तो चढलाच: गुडघ्यापर्यंत, गुडघ्याच्या वर आणि शेवटी कमरेशी आडवा. झगा जितका आखूड, तितकी खळ जास्त. साठ वर्षांत पाशामावशीने एक हूकही घरी नेला नव्हता. त्या पेटीत बटाट्याचं सत्त्व होतं, लढाईपूर्वीचं, शुभ्र. झाकण उघडलं की तिच्या पोटात भुकेची कळ यायची. ती मापून घ्यायची, नीळ मिसळायची आणि झाकण लावायची. बोट चाटायचीही नाही, कारण एकदा चाटलं तर आपण थांबणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

लोंबणारा झगा तिन्ही वेळा रिम्माचाच होता. रिम्मा मागच्या ओळीत नाचायची. "तुमची बोटं गारठलीत, मावशी, माझं फाटलेलं मीच शिवते," असं म्हणून ती झगा घेऊन जायची. पाशामावशीला पोरगी गुणी वाटली होती.

त्या दिवशी तिने झग्याला पुन्हा खळ दिली आणि दुपारचा खेळ संपल्यावर ती रिम्माच्या मागोमाग नर्तकींच्या खोलीत गेली. लोखंडी शेगडीशी रिम्मा एकटीच ओणवी बसली होती. टोपात झग्याचे थर बुडाले होते आणि ती ते हळूहळू पिळत होती. टोपातलं पाणी निळसर, गढूळ झालं होतं.

"रिम्मा!"

पोरीने दचकून टोप दोन्ही हातांनी झाकला.

"गरम पाण्यात सुटते खळ," ती म्हणाली. "पेज होते. ल्युस्याला पाजते."

"ल्युस्या?"

"माझी बहीण. सहा वर्षांची. परवापासून उठून बसत नाही."

"अगं, त्यात तुझा घाम, स्टेजची धूळ!"

"चांगली उकळते मी." रिम्माच्या ओठावर हसू आलं आणि गेलं. "निळी असते म्हणून नाक मुरडते. म्हणते, पांढरी नाही का गं मिळत? मावशी, पेटीतलं एकच चमचा द्या. पाया पडते."

"नाही."

"एक चमचा!"

"पेटीतलं झग्यांचं आहे. मला आणि तुला, दोघींनाही भिंतीशी उभं करतील. मग तिला कोण पाजेल?"

"मग चावत बसा तुमची ती किल्ली!"

पाशामावशी माघारी फिरली. कपडेखान्यात परत येऊन ती पेटीसमोर बराच वेळ उभी राहिली. नाही म्हणताना तिला जी लाज वाटली, तशी आयुष्यात कधी वाटली नव्हती.

सकाळी तिने नेवा नदीवरून आणलेल्या पाण्यातलं निम्मं पाणी एकट्या रिम्माच्या झग्यावर खर्च केलं. धूळ-घाम निघेपर्यंत तो धुतला. बाकीच्या झग्यांना तिने पातळ खळ दिली, नेहमीसारखी नीळ घालून. मग टोप घासून नवी खळ शिजवली, इतकी दाट की चमचा उभा राहावा. ती थरावर थर चोपडली. नीळ फडताळातच राहिली. खळीच्या पेटीतलं झग्यालाच लागलं होतं. चोरी म्हणायला जागा नव्हती.

झगा हातात घेताच रिम्मा चपापली. तिने जाळीचा वास घेतला आणि मावशीकडे पाहिलं.

"काय बघतेस? घाल," पाशामावशी खेकसली. "आणि खेळ झाला की फाटलंय का ते बघून घे."

खेळ संपल्यावर व्येनिआमिन साव्विच आत आला.

"सगळे झगे पांढरेशुभ्र आणि शेवटून दुसरीचाच पिवळट का?"

"नीळ संपली."

त्याने फडताळाकडे पाहिलं. निळीची पुडी समोरच होती. तिच्यावरून नजर काढून त्याने रिकाम्या खुंटीकडे पाहिलं. रिम्माचा झगा तेवढा परत आला नव्हता. पाशामावशीने गळ्यातली किल्ली मुठीत धरली. आता हा नोटीस म्हणून दाखवणार.

तो वळला आणि निघून गेला. ती रात्र तिने बुटांसकट, कोट घालूनच काढली. न्यायला कुणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला तो काखोटीला एक जुना झगा मारून. दोन वर्षांपूर्वी बंद पडलेल्या बॅलेचा होता तो. गोदामातला, कसर लागलेला.

"यालाही खळ द्या."

"हा कोण घालणार?"

व्येनिआमिन साव्विचने झगा टेबलावर ठेवला आणि त्याच्या घड्या हाताने सरळ करत राहिला.

"कुणी नाही," तो म्हणाला. "नीळ घालू नका."

पाशामावशीने झगा उचलला, धुवायच्या टोपात टाकला आणि गळ्यातली किल्ली काढली.